मालवणचे हिरवे पाणी

मालवणला स्कूबा करून आले असे सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी निळे होते का? या प्रश्नामागे अंदमानची किंवा मालदीवची छायाचित्रे असतात, ज्यांत पाणी इतके पारदर्शक असते की बोट हवेत तरंगल्यासारखी दिसते आणि तिची सावली तळावरच्या पांढऱ्या वाळूवर पडते. माझे उत्तर ‘नाही, हिरवे होते’ असे असते. ते ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर सहानुभूतीची जी छटा उमटते, तिचा मला दर वेळी थोडा राग येतो. मालवणच्या पाण्याची बाजू नीट मांडावी असे बरेच दिवस मनात होते, ते आज या रागाच्या भरात करते आहे.

आधी रंगाचे पाहू. पाणी प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते. चार-पाच मीटर खाली गेले की लालभडक वस्तू मळकट तपकिरी दिसू लागते, त्याहून खाली नारिंगीची तीच गत होते, मग पिवळ्याची. ज्या पाण्यात फारसे काही नाही, त्यात शेवटी निळा तेवढा शिल्लक राहतो. मालवणच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात मात्र पुष्कळ काही असते. वनस्पतिप्लवकांतले, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींतले, हरितद्रव्य लाल आणि निळा असे दोन्ही प्रकाश खाऊन टाकते, नद्यांनी आणलेल्या पालापाचोळ्याचा पाण्यात उतरलेला अर्क निळ्यावर आणखी हात मारतो, आणि डोळ्यांपर्यंत पोहोचायला उरतो तो हिरवा. पर्यटक ज्याला ‘घाण पाणी’ म्हणतो, ते बहुतांशी जिवंत पाणी असते.

हे जिवंतपण पावसाळ्यात येते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे वरचे पाणी बाजूला सरकते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक क्षारांनी समृद्ध पाणी वर येते. केरळ-कर्नाटकाकडे हे अधिक जोराने घडते, कोकणात त्या मानाने कमी; परंतु कोकणातली तूट सह्याद्रीवरून धावत सुटणाऱ्या नद्या भरून काढतात. मालवणच्या उत्तरेला गडनदी आणि कोळंबची खाडी, दक्षिणेला कर्ली. चार महिने या नद्या जांभ्याची लाल माती आणि रानातले सगळे कुजलेले सत्त्व समुद्रात ओततात, आणि पाऊस ओसरून ऊन पडले की त्या खतावर प्लवकांचे पीक येते. तारली हे पीक गाळून खाते, बांगडाही त्यावरच वाढतो, आणि या दोघांच्या मागावर सुरमई येते. निळ्याशार पाण्याचे कौतुक करणारा माणूस दुपारी तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले बोटे चाटत खातो, तेव्हा ज्या रंगाला सकाळी त्याने नावे ठेवलेली असतात, तोच रंग त्याच्या ताटात दुसऱ्या रूपाने आलेला असतो. निळे पाणी दिसायला सुंदर खरे, पण समुद्रशास्त्राच्या हिशेबाने ते उपाशी पाणी. तशा उपाशी पाण्यात प्रवाळांची एवढी गर्दी कशी काय पोसली जाते, हे कोडे चार्ल्स डार्विनच्या नावाने ओळखले जाते.

मी निळे पाणीही पाहिले आहे. अंदमानात, हॅवलॉकला, ज्याचे २०१८ मध्ये स्वराज द्वीप असे नामकरण झाले, तिथे पाण्याखाली वीसेक मीटरवरचा माणूस ओळखू येतो. तो अनुभव मोठा होता, यात शंका नाही. पण तिथे माझी नजर सतत दूर धावत राहिली. एक मासा पाहावा तर त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे आणखी मोठा, आणि शेवटी वर आल्यावर नक्की काय पाहिले ते सांगता येईना. मालवणला चांगल्या दिवशी सहा-आठ मीटरपर्यंत दिसते, वाईट दिवशी दोन-तीन मीटर. त्यामुळे पर्याय उरत नाही. हाताच्या अंतरावर जे आहे तेच पाहावे लागते, आणि ते पाहायला लागले की वेळ पुरत नाही.

राहायला मी देवबागला जाते. तारकर्लीच्या पुढे जमीन निमुळती होत जाते, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली घरे. मी उतरते त्या घराच्या पुढच्या अंगणातून समुद्र आणि मागच्या परसातून नदी दिसते. नाताळात आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत इथे गाडी वळवायला जागा मिळत नाही, परंतु फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी-बुधवारी गेले तर किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी निवडत बसलेली माणसे आणि सुरूच्या झाडांतून वाहणारा वारा, एवढाच कारभार असतो. घरची वहिनी आदल्या रात्रीच विचारून ठेवते, ‘काकी, सकाळी काय खातलात? पाण्यात जातलास तर जड नको.’ तिचा सल्ला प्रशिक्षकाच्या सूचनेशी तंतोतंत जुळतो. भरल्या पोटी पाण्याखाली जाऊ नये. आणि रात्री दारू घेऊन सकाळी तर मुळीच नाही, जे शनिवारी येणाऱ्या मंडळींना सांगून पटत नाही.

सकाळी लवकर निघायचे, कारण दुपारी खारे वारे सुटले की पाणी हलते. बोटीत बसण्याआधी एक अर्ज भरून घेतात: दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाची शस्त्रक्रिया झाली आहे का, गरोदर आहात का. बहुतेक लोक हा अर्ज न वाचता सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. मला तो त्या सगळ्या सोपस्कारातला सर्वांत महत्त्वाचा कागद वाटतो. दम्याचा रुग्ण किंवा सर्दीने कान बसलेला माणूस पाण्याखाली अडचणीत येतो तो कुणाच्या हलगर्जीपणाने नव्हे, तर साध्या भौतिकशास्त्राने. दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि कानातल्या पोकळीतली हवा निम्म्या जागेत मावते. त्यापुढच्या दहा मीटरांत फरक पडतो तो त्यामानाने कमी. म्हणून खरा त्रास पहिल्या दोन-तीन मीटरांतच जाणवतो आणि नवखा माणूस तिथेच घाबरून वर येतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, कानात बारीकसा आवाज होऊन ठणका थांबतो, मग आणखी थोडे खाली जायचे. ठणका लागेपर्यंत थांबायचे नाही, आधीच फुंकत राहायचे, हे शहाणपण मात्र कानाला एकदा झोंबल्याशिवाय येत नाही.

वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, घालणे हे आमच्या वयाच्या बायकांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. ओल्या अंगावर तो चढत नाही आणि कोरड्या अंगावर चढवताना दोन माणसांची मदत लागते. बोटीवर पुष्कळ जणी लेगिंग आणि टी-शर्टवरच उतरतात आणि त्यांचे काही बिघडत नाही, कारण पाणी गार नसते. मी वेटसूट घालते तो खडकांवरच्या धारदार कालवांसाठी. एकदा गुडघा घासला की आठवडाभर मीठ आठवत राहते. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी लावून ती पाण्याने विसळायची, हा उपाय ऐकून नाके मुरडणारी माणसे पाच मिनिटांनी धुक्यातून बाहेर पाहत असतात.

बोट सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांपाशी थांबते. हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला. किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून काम सुरू झाले आणि पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे सांगितले जाते. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. जागा निवडताना या बेटाभोवतीच्या पाण्याखालच्या खडकांचा विचार झाला होता. वाट ठाऊक नसलेले जहाज इथे येताच तळाला फाटत असे, आणि तटाच्याही आधी शत्रूला हेच खडक अडवत. स्थानिक बोलीत यांना खडप म्हणतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी गलबते अडवली, त्याच खडपांवर आज प्रवाळ आहेत, आणि ज्या कारणाने महाराजांनी ही जागा पसंत केली, साधारण त्याच कारणाने मी तिथे पाण्यात उतरते, ही गोष्ट मला बोटीच्या काठावर पाठ करून बसल्यावर हमखास आठवते. मग मास्कवर तळहात दाबून मागे कलंडायचे.

पहिल्या क्षणी बुडबुड्यांखेरीज काही दिसत नाही. ते विरले की हिरवा उजेड दिसतो आणि त्या उजेडात असंख्य कण. पिठाच्या गिरणीत उन्हाची तिरीप आली की हवेत पीठ तरंगताना दिसावे तसे. यांतले काही गाळाचे असतात, काही जिवंत असतात, आणि कोणते कोणते हे डोळ्यांना कळत नाही. कानांवर अखंड तडतड पडू लागते. ती खडकांच्या फटींतून राहणाऱ्या, नांगी मिटून आवाज करणाऱ्या कोळंब्यांची. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने पोहोचतो, त्यामुळे तो डावीकडून आला की उजवीकडून हे मेंदूला ठरवता येत नाही. तडतड सगळीकडून येते, आणि डोक्यावरून जाणाऱ्या बोटीचे यंत्रही सगळीकडूनच घरघरते. त्याच्या जोडीला स्वतःच्या श्वासाचा आवाज. श्वास कधीही रोखून धरायचा नाही, हा इथला पहिला नियम. खाली घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते, आणि ती बाहेर पडू दिली नाही तर फुप्फुसाला इजा होते. जमिनीवर श्वासाची आठवण कुणाला होत नाही. इथे तो एकेक मोजूनमापून घ्यावा लागतो, आणि थोड्या वेळाने लक्षात येते की आत घेतला की शरीर किंचित वर उचलले जाते आणि सोडला की खाली बसते. पुढे रीतसर प्रशिक्षण घेतल्यावर याच श्वासावर उंची राखायला शिकवले. त्या प्रमाणपत्रावर अठरा मीटरपर्यंत जाता येते, पण मालवणला मला त्याची फारशी गरज पडत नाही. पाहण्यासारखे बहुतेक सगळे आठ मीटरांच्या आतच आहे.

त्यांतली एक गोष्ट सविस्तर सांगते. पिवळसर पाठीचा आणि अंगावर काळे उभे पट्टे असलेला हातभर नव्हे, वीतभरही नसलेला एक मासा इथे थव्याने असतो. पर्यटकांच्या सगळ्या व्हिडिओंत हाच दिसतो, कारण पावाच्या तुकड्यांवर तो धावून येतो. एका सकाळी खडकाच्या एका उभ्या कडेपाशी त्यांतला एकच मासा थव्यापासून वेगळा दिसला. रंगाने तो बाकीच्यांहून गडद, निळसर होता, आणि तो पुढे जाई ना मागे. जवळ गेल्यावर खडकावर तळहाताएवढा जांभळट डाग दिसला, आणि आणखी जवळ गेल्यावर तो डाग म्हणजे एकाला एक लागून चिकटवलेल्या शेकडो बारीक अंड्यांचा थर आहे हे कळले. या जातीत अंडी राखण्याचे काम नर करतो. तो अंड्यांवर पंखांनी पाणी घालत होता, मध्येच एखादे तोंडाने टिपून काढत होता, आणि हिरवट रंगाचा दुसरा एक बारका मासा जवळ आला की त्याच्यावर झडप घालून पुन्हा जागेवर येत होता. मी वीतभर पुढे सरकले तेव्हा त्याने माझ्या मास्कवर चोच मारावी तसे तोंड मारले. त्याच्या मानाने मी केवढी होते! मार्गदर्शकाने मला मागे ओढले आणि दोन बोटांनी स्वतःच्या डोळ्यांकडे आणि मग अंड्यांकडे खूण केली: बघ, पण लांबून.

वर आल्यावर तो म्हणाला, ‘काकी, तो बापूस असा. दोन दिवस जेवूचो नाय तो.’

पावाचे तुकडे टाकण्याला माझा विरोध आहे तो इथूनच सुरू होतो. पाव पडला की खडपावरचे सगळे मासे उसळतात, आणि त्या गोंधळात राखणदार क्षणभर जरी जागेवरून हलला तरी अंडी खाणारे तिथे टपलेलेच असतात. मुळात शेवाळ आणि प्लवक खाणाऱ्या माशाला मैद्याची चटक लावण्यात कुणाचेच भले नाही. परंतु व्हिडिओत माणसाच्या चेहऱ्याभोवती मासे दिसले पाहिजेत, नाहीतर पैसे फुकट गेले असे गिऱ्हाईकाला वाटते. म्हणून बाटलीत पाव भरून खाली नेला जातो. एका सहलीत आमच्या बोटीवाल्याला मी पाव नको असे सांगितले तेव्हा तो म्हणाला की तुम्ही एकट्या नको म्हणता, बाकीचे दहा जण हवे म्हणतात. त्याचे गणित चूक नव्हते. त्याच सहलीत नांगर मात्र त्याने सरळ प्रवाळांवर टाकला, आणि त्याला दहा जणांपैकी कुणीच सांगितलेले नव्हते.

तो नांगर जिथे पडला तिथे गोनिओपोरा नावाचे प्रवाळ होते. बहुतेक प्रवाळ आपले जीव, म्हणजे ज्यांच्या वसाहतीने ते बनलेले असते ते बारीक प्राणी, दिवसा आत ओढून बसतात, पण हे दिवसाही उमललेले असते. लांबट देठांवर तपकिरी-हिरवट टोके पाण्याबरोबर डुलत असतात आणि प्रत्येक टोकाला चोवीस बारीक स्पर्शिका असतात. हाताच्या सावलीनेही ती सगळी एकदम आत जातात आणि उरतो तो खडबडीत गोटा. शेजारी पोराईट्स या जातीचा एक घुमट होता, माझ्या कवेत मावणार नाही एवढा. असे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास वाढते, तेव्हा त्या घुमटाचे वय आपल्या आजोबांच्या पिढीच्या मागे जात असणार. त्याला नांगराचा ओरखडा भरून काढायला किती काळ लागेल हा हिशेब कुणीही बोटीत बसल्या बसल्या करू शकते.

मालवणच्या प्रवाळांविषयी मला विशेष आपुलकी वाटते याचे कारण त्यांनी इथे असायलाच नको होते. पाठ्यपुस्तकातल्या प्रवाळाला नितळ, उबदार, कमी पोषकद्रव्यांचे पाणी आणि भरपूर ऊन लागते, कारण त्याच्या शरीरात राहणारे एकपेशीय शैवाल उन्हावर अन्न बनवून त्याला पोसते. मालवणला चार महिने नद्यांचा गाळ डोक्यावर येतो, गोडे पाणी मिसळून खारटपणा उतरतो, लाटा खडक खरवडतात आणि ऊन दिसत नाही. तरीही पोराईट्स, फेविट्स, गोनिओपोरा, टर्बिनेरिया ही मंडळी इथे टिकून आहेत. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ती आपले शैवाल सोडून देतात आणि पांढरी पडतात. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या व्यापक विरंजनाची घोषणा केली, आणि अरबी समुद्रही तापतोच आहे. कायद्याच्या दृष्टीने खडकाळ प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे ती वाघाच्या पंक्तीला बसली. वाघावर कुणी नांगर टाकत नाही.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. ते महाराष्ट्रातले पहिले सागरी अभयारण्य, क्षेत्र साधारण २९ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग किल्ला व त्याच्याजवळचा पद्मगड यांच्या भोवतीचा भाग त्याचा गाभा. जाहीर झाल्यापासून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि तो विरोध मला समजतो. ज्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली, त्या पाण्याला बाहेरून कुणी तरी कुंपण घालणार, अशी ती भीती होती. गावातल्या माणसांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे ते रापणीचे जाळे. त्यात म्हातारी माणसे आणि पोरेही हात लावतात आणि वाटा मिळवतात. त्यांचे खरे भांडण पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांशी होते, ज्या किनाऱ्याजवळचा थवाच्या थवा एका फेऱ्यात उचलतात. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तो वाद मिटला असे कुणी मालवणात म्हणणार नाही. अभयारण्याचा प्रश्न या भांडणाशेजारी ठेवून पाहिला नाही, तर मच्छीमार निसर्गाचे शत्रू आहेत असा सोयीस्कर आणि खोटा निष्कर्ष निघतो.

स्कूबाने या चित्रात एक वेगळी गोष्ट केली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था उभी केली, सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्यासारख्यांनी तिथे मुले घडवली, आणि मच्छीमारांच्या घरांतली पोरे प्रशिक्षक झाली. मला अंड्यांपासून मागे ओढणारा मार्गदर्शक त्यांतलाच. त्याचे आजोबा गळाने मासे धरायचे आणि प्रत्येक खडपाला त्यांच्याकडे नाव होते. किनाऱ्यावरचा एखादा माड आणि मागचा डोंगर एका रेषेत आणून ते नेमक्या खडपावर होडी उभी करत. नातू आज त्याच खुणा जुळवतो, पण खाली गळ न सोडता माणसे सोडतो. जी खडपे मासळीने भरलेली म्हणून आजोबांनी कुणाला सांगितली नाहीत, ती याने सगळ्या पुण्या-मुंबईला दाखवली, असे तो हसत म्हणाला. त्या हसण्यात थोडी रुखरुख असावी. हंगामात पोट भरते, हे मात्र तो निःसंकोच सांगतो. समुद्र त्याला वाचता येतो, आणि तो ते वाचन पुस्तकातून शिकलेल्या कुणाहीपेक्षा जलद करतो. ‘आज पाणी तेवढा बरा नाय, पण खडपात मासो असा,’ असे त्याने बोटीतूनच सांगितले की खाली तसेच निघते.

ही सगळी माणसे सारख्याच जबाबदारीने वागतात असे नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून पर्यटकांचे जीव गेले. मे महिन्याच्या अखेरीस समुद्राला पावसाचे वेध लागलेले असतात, लाटांची जात बदललेली असते, आणि त्या आठवड्यात शाळांच्या सुट्ट्या संपत आल्याने गर्दी मात्र उच्चांकावर असते. बोट घेताना स्वस्तात कोण नेतो यापेक्षा अंगात लाइफ जॅकेट घालायला लावतो का, एका मार्गदर्शकाबरोबर किती जण सोडतो आणि अर्ज खरोखर वाचतो का, हे पाहावे. मार्गदर्शकाने अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नसून ‘वर चला’ असा असतो, आणि सगळे ठीक आहे हे सांगायला अंगठा व तर्जनी जुळवून गोल करायचा, हे त्याने उतरण्यापूर्वी सांगितले नाही तर पाण्यात मोठे गैरसमज होतात.

आता मालवणच्या पलीकडे, निवतीच्या खडकांजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका समुद्रतळाशी बसवून तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे. बुडालेल्या लोखंडावर काही वर्षांत शिंपले, शैवाल आणि मासे वस्ती करतात, त्यामुळे जुन्या खडपांवरचा माणसांचा भार हलका होईल, ही त्यामागची चांगली बाजू. माझी शंका एवढीच आहे की ते पाणीही हिरवेच असणार, आणि जाहिरातीत मात्र ते निळे छापले जाईल. किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेच्या बुडालेल्या पठारावर नद्यांचा गाळ पोहोचत नाही आणि पाणी खरोखर नितळ असते. पण तिथे तळ लागायलाच वीस मीटर उतरावे लागते, आणि हौशी माणसाचे ते काम नव्हे.

ज्यांना मालवणलाच जायचे आहे, त्यांनी दिनदर्शिकेत सुट्टी पाहण्याआधी तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ असते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, पाणी कमी हलते आणि त्यामुळे निवळते. जानेवारी-फेब्रुवारीतली अष्टमी आठवड्याच्या मध्ये आली तर उत्तम. कोल्हापूरकडे परतणाऱ्यांना आणखी एक सांगणे: सकाळी पाण्याखाली आणि दुपारी आंबोलीच्या घाटात, असा बेत आखू नये. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे. पाण्याखाली दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो, आणि लगेच उंचीवर गेले की त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. पाच-सहा मीटरांच्या चाचणी-बुडीनंतर तो फारच थोडा असतो, अधिक खोल आणि एकाहून अधिक बुड्या मारणाऱ्यांना मात्र तो विचारात घ्यावाच लागतो. चिपीच्या विमानतळावरून उडणाऱ्यांना तर एका बुडीनंतरही किमान बारा तास थांबायला सांगतात, एकाहून अधिक झाल्या असतील तर अठरा. आमच्याकडची मंडळी या नियमाचा उपयोग देवबागला आणखी एक रात्र मुक्काम वाढवून घेण्यासाठी करतात. वहिनी त्या रात्री मासळी कोणती हवी ते विचारत नाही. संध्याकाळी रापणीला जे लागले असेल ते करते.